सरस-निरस मानानं

मागच्या महिन्यात विट्याला एका वास्तुशांतीच्या जेवणाला गेलो होतो. पंगत उठली, मंडपात खुर्च्या गोल झाल्या आणि कुणीतरी मोबाईलवर क्लिप लावली. कुठल्याशा नामवंताचा घटस्फोट, कोटींची पोटगी. पोरं लगेच म्हणाली, "लग्न म्हणजे आता धंदाच झालाय. सहा महिने नांदायचं आणि निम्मी इस्टेट घेऊन जायचं." पलीकडून एक आत्या फणकारल्या, "आणि वीस वर्षं शेण काढलं, भाकरी थापल्या, त्याचं काय रे? ते फुकटच का?" तासभर हे चाललं. दोन्ही बाजू तावातावानं भांडत होत्या त्या एका अशा कायद्यावर, जो आपल्याकडे कधी झालाच नाही.

मी खानापूर आणि तासगाव तालुक्यांत २८ वर्षं तलाठी होतो. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात कुणी म्हणत नाही.) एवढ्या वर्षांत वाटणीचे किती फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, लिहिले याचा हिशेब नाही. भावाभावांचे, चुलत्यापुतण्यांचे, मेलेल्या बापाच्या वारसांचे. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई, आणि तिच्या संसारात उभ्या राहिलेल्या मिळकतीचा वाटा म्हणून तिच्या नावाची नोंद, असा फेरफार मात्र माझ्या हातून एकदाही झाला नाही. कारण तसा हक्कच नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा दावा चालू असेपर्यंत खर्च देतो, नंतर कायमची पोटगी देतो, मुलांच्या ताब्याचा हुकूम देतो, आणि कलम २७ खाली लग्नाच्या वेळी दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचा निवाडा करतो. म्हणजे पलंग, कपाट, भांडी. लग्नानंतर दोघांच्या कष्टानं झालेल्या घराचं, बागेचं, दुकानाचं काय करायचं, यावर तो गप्प आहे. स्त्रीधन तिचंच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली सांगितलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं तिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला. पण घरात राहता येणं आणि घर आपलं असणं यातला फरक सात-बारा वाचणाऱ्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. संसारात जे मिळवलं त्यात बायकोला वाटा मिळाला पाहिजे, आणि तो वाटा म्हणूनच मिळाला पाहिजे, पोटगी म्हणून नव्हे. हे मी केवळ बायकांच्या बाजूनं म्हणत नाही. वाटा नसल्यामुळं आपल्याकडे घासाघीस मुलांवर येते, म्हणून म्हणतो.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. तासगाव तालुक्यातलं एक गाव, देवळातली बैठक. दोन भाऊ वेगळे होत होते आणि त्यातल्या धाकट्याची बायको दीड वर्षापासून माहेरी होती. दोन्ही प्रश्न एकदमच मिटवू म्हणून पाहुणे जमलेले. मला बोलावलं होतं ते उतारे वाचून दाखवायला. भावांची वाटणी तीन बैठका चालली. माळाकडची जमीन हलकी, ओढ्याकडची काळी, म्हणून हलकी घेणाऱ्याला सहा गुंठे जास्त. बेदाण्याचं शेड एकाला, तर जनावरांचा गोठा दुसऱ्याला. कोर्टाच्या हुकूमनाम्यात याला 'सरस-निरस मानाने वाटप' म्हणतात. गावातले लोक तो शब्द न वापरता ते अचूक करतात. मग चहा आला. चहा पिता पिता दुसरा विषय निघाला. सात वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. "पोरगं वंशाचं हाय, ते इथं राहील. पोरगी तिला नेऊ द्या. वर तीन लाख द्या आणि पुढं काही मागणार नाही असं लिहून घ्या." बाईच्या भावानं मान हलवली. शंभराच्या स्टॅम्पवर कुणीतरी लिहून काढलं. कपबशा उचलायच्या आत ते झालं होतं. जमिनीचं सरस-निरस तीन बैठकांत केलं, आणि पोरांचंही केलंच की. मुलगा सरस, मुलगी निरस. मी उतारे पिशवीत घालून गप्प बसलो होतो, हेही सांगितलं पाहिजे.

ते कागद कायद्यापुढं टिकणारे नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होतं. मुलांचा खर्च हा मुलांचा हक्क आहे, आईनं 'मागणार नाही' म्हणून सही केली तरी तो संपत नाही. ताब्याबाबतचा करारही न्यायालयाला बांधत नाही. तिथं मुलाचं हित आधी. पण ती बाई न्यायालयात गेली नाही. का गेली नाही? कारण तीन लाख ही तिच्या दृष्टीनं मेहेरबानी होती आणि मेहेरबानी परत घेता येते. तिचा स्वतःचा असा एक गुंठाही त्या बैठकीत टेबलावर नव्हता. ज्याच्याकडे देण्यासारखं काही नसतं, तो जे असेल ते देतो. तिच्याकडे पोरगा होता.

आता जरा भावांकडे पाहा. वाटणी हा आमच्या भागाचा जुना विषय. सांगलीचं संस्थानच १८०१ साली मिरजेतून फुटून उभं राहिलं, आणि पुढं मिरजेच्याही थोरली पाती, धाकटी पाती झाल्या. आजही पाटण-जावळीकडचा भाऊ तीस वर्षं वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून पोती वाहतो, गावच्या रानात एकदाही पेरणीला उभा राहत नाही, आणि परत आल्यावर त्याचा वाटा त्याला मिळतो. कुणी त्याला लुटारू म्हणत नाही. म्हणूही नये, तो त्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. पण त्याच घरातली सून पंधरा वर्षं द्राक्षबागेत एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, फेल काढणं, विरळणी, भर उन्हात शेडवर बेदाणा निवडणं हे सगळं करते, आणि बाहेर पडताना तिनं काही मागितलं की 'पैशासाठी लग्न केलं' असं ऐकते. वर गंमत म्हणजे हीच बाई माहेरच्या वाटणीत भावांना हक्कसोड लिहून देऊन आलेली असते. आमच्या महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, पण राखी तुटू नये म्हणून ती सही करते. माहेरी हक्कसोड, सासरी सोडचिठ्ठी. दोन्ही कागदांत 'सोड' तिच्याच वाट्याला.

आणि हे काही परंपरेनं ठरवलेलं नाही. ज्या मिताक्षरेच्या, म्हणजे याज्ञवल्क्य स्मृतीवरच्या जुन्या टीकाग्रंथाच्या, आधारावर आपला वडिलोपार्जित मिळकतीचा कायदा उभा आहे, तिच्यात याज्ञवल्क्याचं वचन आहे: बापानं मुलांना समान वाटे दिले, तर बायकांनाही समान वाटा द्यावा, जर त्यांना आधी स्त्रीधन दिलेलं नसेल. आपल्या मुंबई प्रांताच्या परंपरेत हे नुसतं वचन राहिलं नाही, न्यायालयांनीही मानलं. म्हणजे नवरा मुलापासून वेगळा झाला तर बायकोला वाटा आहे. नवरा तिच्यापासूनच वेगळा झाला तर नाही! हा विसंगतीचा प्रकार कुणाला खटकत कसा नाही?

विरोधी बाजूचं जे खरं आहे ते आता बघू, कारण त्यात दम आहे. पहिला आक्षेप जमिनीचा. इथं माणशी जमीन गुंठ्यांत मोजायची वेळ आली आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालचा, तेव्हापासून सरकार तुकडे पडू नयेत म्हणून सांगतंय. त्यात आणखी एक वाटेकरी आणायचा? शिवाय जमीन आजोबाची. आठ महिने नांदलेल्या मुलीनं आजोबाच्या मळ्यात निम्मं का न्यावं? हे मला मान्य आहे. म्हणून मी 'निम्मी इस्टेट' म्हणत नाही. वडिलोपार्जित मिळकत, लग्नाआधीची मिळकत, कुणाला बक्षीस किंवा वारशानं आलेलं, हे बाजूला ठेवा. लग्नाच्या काळात जे वाढलं तेवढंच हिशेबात घ्या, आणि किती वर्षं नांदणूक झाली त्या मानानं घ्या. तुकडा पाडायचीही गरज नाही. भावांच्या वाटणीत राहतं घर एकाला देऊन दुसऱ्याला त्याची किंमत देतातच की. आणि वाटा म्हटला की कर्जातही वाटा आला. सोसायटीचं पीककर्ज, मांडवाच्या तारा-अँगलचं कर्ज, अवकाळीनं गेलेल्या बागेची थकबाकी, हे सगळं ताळेबंदात बसलं पाहिजे. द्राक्षवाल्यांच्या घरात काही वेळा बेरीज केल्यावर वाटायला कर्जच उरेल. उरू दे. निदान बाईला 'कोटींची मागणी' करणारी म्हणून तरी कुणी हिणवणार नाही.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. खोट्या फिर्यादी होतात, सासू-सासऱ्यांना, लग्न झालेल्या नणंदेला गोवलं जातं, आणि मग आकडा ठरवून तडजोड होते. होतं असं. मी स्वतः दोन घरं त्यातून होरपळलेली पाहिली आहेत, आणि त्यातलं एक पूर्ण निर्दोष होतं अशी माझी खात्री आहे. कमावती बायको असताना पोटगीचा आकडा फुगवला जातो, हेही खरं. पण याचं कारण शोधा ना. रानात जायला सरळ वाट नसली की माणूस कुणाचा तरी बांध फोडतो. हक्काच्या वाट्याचा दावाच लावता येत नाही, म्हणून छळाची फिर्याद दबावासाठी वापरली जाते. वाटा हिशेबानं ठरणार असेल तर दबावानं आकडा वाढवण्यात काय फायदा? शिवाय असा कायदा दोन्हीकडून चालला पाहिजे. बायको शिक्षिका किंवा नर्स असेल आणि तिच्या पगारातून फ्लॅट झाला असेल, तर त्यात नवऱ्याचाही वाटा. आज पोटगीसुद्धा हिंदू विवाह कायद्याखाली नवऱ्याला मागता येते, हे मंडपातल्या एकाही पोराला ठाऊक नव्हतं.

याच्या उलट बाजूचा गैरवापर मात्र चर्चेत येतच नाही, कारण तो कागदावर दिसत नाही. विट्याच्या आसपासच्या कित्येक गावांतले लोक गलाईच्या धंद्यात. सोनं गाळण्याची दुकानं तमिळनाडूपासून बंगालपर्यंत. उलाढाल मोठी, पण घर वडिलांच्या नावावर, बाग आजोबांच्या नावावर, गाडी भावाच्या नावावर. ऊस जातो तो कारखान्याच्या सभासदाच्या नावानं, आणि सभासद बाप. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून विवरणपत्र नाही. बेदाणा कोल्ड स्टोरेजला कुणाच्या नावानं ठेवलाय ते विचारूच नका. दाव्यात हा माणूस भूमिहीन मजूर असतो आणि गावात जत्रेचा मानकरी. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोघांनीही मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं असं ठरवून दिलं. चांगलं पाऊल. पण शपथपत्रात नवरा 'माझ्या नावावर काही नाही' असं लिहितो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. एकत्र कुटुंबाची घडीच तशी आहे. लग्नाच्या काळात त्या एकत्र मिळकतीत किती भर पडली हे पाहिल्याशिवाय ते शपथपत्र कोऱ्या कागदाइतकंच.

तिसरा आक्षेप बापांचा, आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार. माझा सख्खा भाचा. पोटगीचा एक हप्ता चुकवला नाही. मुलीला भेटायचं ते महिन्यातून दोन शनिवारी, दोन तास, कोर्टाच्या आवारात. भोवती वकिलांची वर्दळ, बेड्या घातलेले आरोपी, झेरॉक्सची दुकानं. मुलगी पहिला अर्धा तास बोलायचीच नाही आणि बोलायला लागली की वेळ संपायची. 'वाटा, वाटा' करता, मग बापाला मुलात वाटा का नाही, असं त्यानं मला विचारलं तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. पुरुषांवर अन्याय होतो असं म्हणणाऱ्यांची चेष्टा करणाऱ्यांनी त्या व्हरांड्यात एक शनिवार घालवावा.

पण उत्तर आहे, आणि ते 'ताबा' या शब्दातच अडकलेलं आहे. ताबा जमिनीचा असतो. आमच्याकडे तर एक पक्की समजूत आहे की पाच वर्षांपर्यंत मूल आईचं, नंतर बापाचं. कायदा असं म्हणत नाही. १९५६ चा पालकत्वाचा कायदा म्हणतो की पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईजवळ असावं. पाचनंतर बापाकडे द्यावं असं तो कुठंही म्हणत नाही. कलम १३ म्हणतं, मुलाचं हित सर्वांत महत्त्वाचं. बाप हा नैसर्गिक पालक आणि 'त्याच्यानंतर' आई, या शब्दांचा अर्थही न्यायालयानं १९९९ साली गीता हरिहरन खटल्यात बदलला: बाप मेल्यानंतरच नव्हे, तो गैरहजर किंवा उदासीन असेल तरीही. १८९० च्या कायद्यापासून समजत्या मुलाचं मत विचारात घेण्याची सोय आहे. विधी आयोगानं २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात करावी असं सुचवलं. मी त्याच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. दिवस मोजून पोटगी कमी करून घेण्यासाठी संयुक्त ताबा मागितला जाणार असेल तर ते पुन्हा मुलाचंच सरस-निरस झालं. पैशाचा प्रश्न आधी, स्वतंत्र, वाट्यानं सुटलेला असला तरच बापाची मुलासाठीची ओढ आणि खिशासाठीची ओढ वेगळी ओळखू येईल. माझ्या भाच्याच्या बायकोनंही मुलगी धरून ठेवली होती ती काही केवळ मायेपोटी नव्हे; मुलगी गेली तर पोटगी जाईल ही भीती होती. तिला स्वतःचं काही असतं तर? मला वाटतं, शनिवार दोनचे चार झाले असते, आणि ते घरात झाले असते.

तहासाठी माणूस अडकवून ठेवायची रीत जुनी आहे. साताऱ्याच्या गादीचीच गोष्ट. १६८९ साली रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. १७०७ साली औरंगजेब मेल्यावर शाहूंना सोडलं, पण येसूबाईंना मागं ठेवून घेतलं, मुलानं शब्द पाळावा म्हणून. त्या परतल्या १७१९ साली. पुढं साताऱ्याची आणि कोल्हापूरची भाऊबंदकी १७३१ च्या वारणेच्या तहानं मिटली. नदी हद्द धरली, अलीकडचं यांचं, पलीकडचं त्यांचं. आजही सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या मध्ये तीच वारणा वाहते. राज्य वाटता आलं. पण ओलीस राहिलेली बारा वर्षं कुठल्या कलमानं परत द्यायची होती?

उरला आक्षेप संस्कृतीचा, आणि त्याला मी फार जागा देणार नाही. लग्न हा संस्कार आहे, त्यात वाट्याची भाषा आणली तर घरं मोडतील, म्हणे. आपल्याच आज्या-पणज्यांच्या अनेक जातींत काडीमोड होती, पाट म्हणजे दुसरी लग्नं होती, आणि १९५५ च्या कायद्यानंही रूढीतली काडीमोड मोडीत काढली नाही. मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदूंना घटस्फोटाचा कायदा झाला तेव्हा घरं मोडणार होती. हिंदू कोड बिल अडलं आणि साताऱ्यात शाळा शिकलेल्या बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, तेव्हाही कारण हेच सांगितलं गेलं. राज्यसभेनं २०१३ साली घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा देणारं विधेयक मंजूर केलं, ते पुढं लोकसभेत मंजूर न होताच बारगळलं. आणि आंबोलीचा घाट उतरून गोव्यात गेलं तर? तिथं १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपासून, वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मिळकत दोघांची. जमीन विकायची तर दोघांची सही. गोव्यात संसार होत नाहीत असं कुणी ऐकलंय? आमच्याच भागात कासेगावच्या इंदुताई पाटणकरांसारख्या बायकांनी परित्यक्तांना, म्हणजे नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना, एकत्र आणलं, शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि लोकांनी स्वखुशीनं जमिनी बायकोच्या नावावर केल्या. तसे काही फेरफार मीही नोंदवले. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके. स्वखुशीवर सोडलं की एवढंच होतं.

त्या देवळातल्या बैठकीकडे परत येतो, कारण तिसऱ्या दिवशी जे झालं ते मी अजून सांगितलं नाही. सगळं वाटून झालं आणि विहीर राहिली. विहीर कापता येत नाही. दोघा भावांत त्या वेळी बोलणं बंद होतं. तरी पंचांनी सांगितलं, विहीर सामाईक. मोटर सामाईक, बिल निम्मं निम्मं, पाण्याची पाळी चार-चार दिवस. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तर दोन-दोन दिवस. ज्याच्या रानात कोवळं पीक असेल त्याला आधी, मग दुसऱ्याला. लाइट रात्रीची असेल तर पाळी पहाटेपर्यंत धरायची. एवढं बारीक ठरलं, आणि सामाईक विहिरीची नोंद मी उताऱ्यावर केली. ज्याच्याशी बोलत नाही त्याच्याशी न तुटणारी गोष्ट कशी सांभाळायची, हे त्या माणसांना माझ्यापेक्षा आणि कुठल्याही वकिलापेक्षा चांगलं कळत होतं. कोवळ्या पिकाला आधी पाणी, हे तर कुणी शिकवावं लागलं नाही.

ती पाळी आजही चालू आहे. मागच्या वर्षी त्या गावावरून गेलो तेव्हा थोरला विहिरीवर होता, धाकट्याची वाट बघत. चावी देऊन तो घरी जाणार होता. सात वर्षांचा तो मुलगा आता बाविशी-तेविशीचा असेल, बहीण त्याच्याहून तीनेक वर्षांनी लहान. ती दोघं एकमेकांना कधी भेटायची, हे मात्र त्या शंभराच्या स्टॅम्पवर लिहायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.